गंज आडवा वाहत नाही

आमच्या गावच्या कॅमेरा क्लबने माझ्या गोदीच्या नावाने एक कप ठेवला, तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी ही माणसं माझ्या पायांतून बाजूला होतील. कप ठेवला, आभार मानले, संपलं. झालं उलटंच. कप ठेवल्यापासून गोदी त्यांना स्वतःचीच वाटायला लागली.

रेकर्स कोव्हमध्ये माणसं दोन जातींची. ज्यांना इथून जाता आलं नाही ती एक, आणि जी निवृत्त झाल्यावर मेलबर्नहून मुद्दाम इथे आली ती दुसरी. या दुसऱ्यांनी समुद्राकडे तोंड करून काचेची घरं बांधली आणि वर्षभरात त्यांना कळलं की समुद्र रोज तोच असतो. मग वेळ कसा घालवायचा? त्यांनी क्लब काढला. सुरुवातीला सूर्यास्त काढले, पेंग्विन काढले, एकमेकांची नातवंडं काढली. मग होबार्टचा कोणी तज्ज्ञ येऊन सांगून गेला की खरा कलावंत वस्तू काढत नाही, आकार काढतो, रंग काढतो. दूर कुठे जायला नको, प्रेरणा आपल्या अवतीभवतीच पडलेली असते. झालं. त्यांच्या अवतीभवती तर सगळं चकचकीत. पडलेलं सगळं माझ्याकडे.

तेव्हापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, दर गुरुवारी आठ-दहा जण गोदीत यायचे. गुडघ्यांना गाद्या बांधलेल्या, अंगात पंचवीस खिशांची जाकिटं. डबक्यात सांडलेल्या डिझेलवर चार-चार जण वाकलेले असायचे. कुजलेल्या दोराचे धागे, पत्र्याची गेलेली कल्हई, माझ्या मीट पायच्या कागदी पिशवीवरचा तुपकट डाग, काही म्हणून सोडलं नाही. एका बाईने माझ्या संडासाच्या दाराचे उडालेले पोपडे काढले, त्याला ‘एकांत’ असं नाव दिलं आणि बैठकीच्या खोलीत लावलं. त्या दाराला रंग द्यायचं माझं सहा वर्षं राहून गेलंय. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण ह्या लोकांसाठीच कोणीतरी केली असणार.

“ग्लेनिस, तू किती भाग्यवान आहेस,” क्लबची अध्यक्ष मार्गो सेलविन मला म्हणायची. तिच्या गळ्यात सुपारीएवढ्या लाकडी मण्यांची माळ असते. “तुझ्याभोवती केवढा पोत आहे.”

“हो ना. खरवडायला सहा तास लागतात.”

“तुला तो दिसतच नसेल आता. सवयीने डोळा मरतो गं.”

माझा डोळा. त्रेचाळीस वर्षं मी ही गोदी चालवतेय. आधी बापाबरोबर, मग एकटी. रुळांवरून होडी पाण्यातून वर ओढायची, बूड खरवडायचं, प्रत्येक फळी लाकडी हातोडीने ठोकायची, आवाज ऐकायचा, खिळे बघायचे, सांधे बघायचे, रंग द्यायचा आणि परत सोडायची. शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, धरणाऱ्या गावच्या सगळ्या लाकडी बोटी माझ्या हाताखालून जातात. मी ‘ठीक आहे’ म्हटलं की माणसं त्या बोटीत बसून नैऋत्येला जातात, जिथे एकदा डोंगराचं टोक ओलांडलं की दीड दिवस आडोसा नाही. आणि ही मण्यांची माळ मला डोळ्यांबद्दल सांगणार.

क्लबातला सगळ्यांत बावळट माणूस म्हणजे विन्टन पीक. वय अडुसष्ट, उंच, पोक काढून चालणारा, विधुर. आयुष्यभर मेलबर्नला एका खोलीत बसून त्याने लोकांच्या कवळ्या बनवल्या. मी त्याला कवळीवाला म्हणायचे, तोंडावर. तो हसायचा, स्वतःच्याच दातांनी. क्लबच्या प्रदर्शनात चार वर्षं तो शेवटून दुसरा येत होता. शेवटचा नंबर लागायचा त्या बाईला मोतीबिंदू होता.

या डिसेंबरात शेवंडांच्या हंगामाआधी माझ्याकडे नेहमीसारखी रांग लागली. सगळ्यांना एकाच आठवड्यात बूड रंगवून हवं असतं. वर्षभर झोपा काढायच्या आणि मग गोदीवर येऊन घड्याळ दाखवायचं. त्यातच माझ्या धाकट्या भावाची, डेन्झिलची बोट होती. तिचं नाव ‘आयव्ही जीन’, आमच्या आईचं. अडतीस फुटी, बापाने बांधलेली. रविवारी मी ती वर घेतली आणि शनिवारच्या भरतीला तिला सोडून दुसरी घ्यायची होती.

गुरुवारी मी रंगाचा डबा घेऊन आले तर आयव्ही जीनच्या खालून दोन पाय बाहेर आलेले. बोट आणि पत्र्याची भिंत यांच्यात जेमतेम माणूस मावेल एवढी जागा आहे. तिथे, बोटीच्या बुडाखाली, हा कवळीवाला उताणा शिरला होता. वर बावीस टन लाकूड. मी घोटा धरून त्याला ओढून काढलं.

“मेलास तर कागद मला भरावे लागतील.”

“माफ करा, मिसेस पर्डन. भिंतीवरून उजेड फार छान येत होता तिथे.” त्याच्या केसांत गंजाचा चुरा. “एक विचारू का?”

“नको.”

“बाकी सगळी होडी वाळून कोरडी झालीय. मग तिथे एवढीच रेघ ओली का?”

मी वाकूनही पाहिलं नाही. “टाकीचं पाणी आहे ते.” शेवंडं बंदरात येईपर्यंत जिवंत राहावीत म्हणून ह्या बोटींच्या पोटात मधोमध समुद्राच्या पाण्याची टाकी असते. तिच्या बुडाला भोकंच असतात. वर ओढली की ती गळत राहते. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं.

“चार दिवस झाले तरी?”

“विन्टन, तू कवळ्या बनवायचास तेव्हा मी येऊन विचारलं का, हा दात इथेच का म्हणून?”

“नाही.”

“मग फोटो काढ आणि नीघ. मला ही बाजू आज संपवायचीय.”

त्याने गुमान आणखी दोन फोटो काढले आणि गेला. मी रंगवायला घेतलं. हाताला जिथे ओल लागली तिथे फडकं मारलं आणि पुढे सरकले. शनिवारी आयव्ही जीन पाण्यात गेली, तिच्या जागी दुसरी बोट आली, आणि कवळीवाला माझ्या डोक्यातून पार गेला.

त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारी दोन वाजता प्रदर्शन होतं. साडेतीनच्या ओहोटीला बोटी निघणार होत्या. मला खरं म्हणजे धक्क्यावर असायला हवं होतं, पण अमूर्त विभागाचा कप माझ्या गोदीच्या नावाचा, तेव्हा तो माझ्याच हस्ते द्यायचा असा मार्गोचा हट्ट. मी गेले. हॉलमध्ये चहाचं पिंप, लॅमिंग्टन केक, सॉसेज रोल, आणि भिंतीवर चोवीस फोटो, एकाखालीही नाव नाही. फक्त आकडे.

हा त्यांचा कायदा. अमूर्त विभागात फोटो कशाचा आहे, कुठे काढलाय, हे कप देईपर्यंत कोणालाही सांगायचं नाही. सांगितलं की बाद. परीक्षकाने ओळखलं तरी गुण कापतात. संगणकावर काही बदलायचं नाही, फक्त कडा कापायच्या आणि हवा तसा फिरवून लावायचा. म्हणजे ज्या वस्तूचा फोटो काढलाय ती जितकी ओळखू येणार नाही तितका माणूस मोठा. माझ्या धंद्यात असं कोणी केलं तर त्याला तुरुंगात टाकतात.

परीक्षक होबार्टचा, ह्यूगो फेन नावाचा, पांढरी दाढी, पायांत मोजे नाहीत. प्रत्येक फोटोपुढे उभं राहून तो आधी उसासा टाकायचा. एका फोटोसमोर म्हणाला, “इथे शांतता ओरडतेय.” ते केल्प होतं, समुद्राचं शेवाळ, किनाऱ्यावर पडून कुजलेलं, मला इथून वास येत होता. दुसऱ्यासमोर म्हणाला, “एका तुटलेल्या नात्याचा नकाशा.” तो माझ्या पिकअपचा मडगार्ड होता. मी सॉसेज रोल खात गप्प बसले. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणत होते, आणि गाढव कोण याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

मग तो सतरा नंबरसमोर थांबला आणि बराच वेळ उसासाही टाकेना.

फोटो मोठा होता, हात पसरला तर तेवढा. मागे गर्द हिरवा, त्यावर निळ्याचे आणि लाल रंगाचे फाटके तुकडे. डाव्या बाजूला एकाखाली एक तीन काळे ठिपके, त्यांना जोडणारी एक बारीक काळी उभी रेघ. आणि त्या तिन्ही ठिपक्यांतून तांबूस पट्टे निघून डावीकडून उजवीकडे गेलेले, लांब, कडेला पातळ होत. पट्ट्यांना चमक होती.

“हे बघा,” ह्यूगो फेन हळू आवाजात म्हणाला. “तीन क्षितिजं, तिन्ही रक्ताळलेली. इथे पाण्याची आठवण आहे, पण पाणी कुठेच नाही. काय दाखवायचं नाही, हे या कलावंताला पक्कं ठाऊक आहे. मित्रहो, मला वाटतं, आपण इथेच थांबू शकतो.”

टाळ्या पडल्या. माझ्या दोन खुर्च्या पलीकडे कवळीवाला बसला होता. त्याचे कान लालबुंद झाले आणि मला कळलं की सतरा नंबर ह्याचा.

आता मी गप्प बसायला हवं होतं. कप उचलून द्यायचा आणि धक्क्यावर जायचं. पण नऊ वर्षांचं साचलेलं बाहेर आलं.

“गंज आडवा वाहत नाही,” मी मोठ्याने म्हटलं.

सगळे वळले. मार्गो म्हणाली, “ग्लेनिस, प्लीज.”

“प्लीज काय? गंज पाण्याबरोबर वाहतो आणि पाणी खाली जातं. हे डावीकडून उजवीकडे कोण वाहवतंय, देव? लबाडी आहे. संगणकावर काढलंय.”

या लोकांत यापेक्षा मोठी शिवी नाही. कोणाला चोर म्हटलं तर ते हसतील. विन्टन उभा राहिला. तो कधी उभा राहून बोललेला मी पाहिला नव्हता.

“मी काही बदललेलं नाही,” तो म्हणाला. “मी फक्त तो फिरवून लावलाय. नियमात बसतं.”

“कसा फिरवलास?”

त्याने हाताने दाखवलं. मी खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले आणि भिंतीवरून सतरा नंबर काढला. मार्गो ओरडली, मी लक्ष दिलं नाही. मी तो फिरवला. तीन ठिपके एका ओळीत, वर. त्यांना जोडणारी काळी रेघ आडवी. पट्टे खाली ओघळलेले. आणि चमक म्हणजे चमक नव्हती, ओल होती.

तीन खिळे आणि एक फळीचा सांधा. सांध्यात भरलेली सुतळी निघून गेलेली, खिळे आतून सडलेले, आणि बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर येतंय. कोणीही सांगेल. मी तर झोपेतही सांगितलं असतं.

मग मला तो हिरवा दिसला.

असा हिरवा रंग दुकानात मिळत नाही. अकरा वर्षांपूर्वी उरलेले तीन डबे एकात ओतून मी तो केला होता, कारण फेकवत नव्हता. तो दोनच ठिकाणी लागला. माझी वल्ह्याची छोटी होडी आहे, ती शेडमागे उलटी पडून कुजतेय. आणि आयव्ही जीन. तिथेही फक्त नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, पहिल्या सहा-सात फुटांत, कारण तेवढ्यातच डबा संपला. टाकी मध्यावर असते. नाळेकडे टाकीचं पाणी यायचं काही कारण नाही. आणि जिथून पाणी बाहेर येतं, तिथूनच ते समुद्रात आत शिरतं.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“विन्टन, हा कुठे काढलास?”

“ग्लेनिस, हे विचारायचं नसतं,” मार्गो मध्ये आली. “विन्टन, तू सांगितलंस तर बाद. मी काही करू शकणार नाही. अजून कप दिलेला नाही.”

“माझ्या शेडमागच्या होडीवर काढलास का? तेवढं सांग. तिथे काढलास ना?” मी जवळजवळ विनवत होते. त्याने हो म्हणावं, यासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं.

त्याने टेबलावरच्या कपाकडे पाहिलं. बियरच्या ग्लासाएवढा कप, खालच्या पट्टीवर नाव कोरायला जागा सोडलेली. मला वाटलं, आता हा गप्प बसणार. हे लोक असेच असतात, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

“आयव्ही जीनच्या खाली,” विन्टन म्हणाला. “पुढच्या टोकाला, भिंतीच्या बाजूने. मिसेस पर्डन, मी तुम्हाला त्याच दिवशी विचारलं होतं.”

ह्यूगो फेनने आता उसासा टाकला. मार्गोने वहीत काहीतरी खोडलं.

मी डेन्झिलला फोन लावला. वाजत राहिला. इंजिन चालू असलं की त्याला बॉम्ब ऐकू येत नाही. मी फोटो काखेत मारला आणि पिकअपकडे पळाले. दार लावते तर दुसऱ्या दारातून विन्टन आत येऊन बसला. मी त्याला बोलावलं नव्हतं. हाकललंही नाही. वाटेत तो एकदाच बोलला, “काही गंभीर आहे का?” माझ्या डोक्यात ते फडकं घोळत होतं. निळं फडकं, जुन्या टॉवेलचं. मला त्यावरचा तांबूस डागही आठवला. मी तो पाहिला होता. पाहिला आणि डबा उचलून पुढे गेले, कारण शनिवारी दुसरी बोट यायची होती.

धक्क्यावर गर्दी होती. निम्म्या बोटींचे मालक वर उभे होते, बायका होत्या, सापळ्यांची रास लावलेली. आयव्ही जीनचा मागचा दोर सुटला होता. डेन्झिल सुकाणूच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर डोकावत होता, तोंडात बिस्किट.

“काय गं ग्लेन, कोणी मारला कप?”

“डेन्झ, इंजिन बंद कर.”

“का?”

मी फोटो वर धरला. दुसरं काय धरणार होते? आधी तो हसला, मग अख्खा धक्का हसला. “अरे, हिलाही लागण झाली,” मागून कोणीतरी म्हणालं. “डेन्झ, पोज दे, बहीण चित्र काढायला आलीय.” मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. याहून वाईट म्हटलं असतं.

“पाणी उपसायचा पंप किती वेळा चालतोय?” मी विचारलं.

“तासाला दोनदा. आठवडाभर उन्हात होती, फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत चालायचंच. तूच तर म्हणालीस.”

“आता पाण्यात जाऊन आठवडा झाला. एव्हाना फुगायला हव्या होत्या.”

“जुनी बाई आहे, तिला वेळ लागतो. सोड तो दोर.”

“ही तुझी बोट आहे, डेन्झ. हा नाळेकडचा खालचा सांधा आहे. हे तीन खिळे गेलेत.”

“ही बोट? हे तर टेबलक्लॉथ दिसतंय.” परत हशा. “गोदीत नऊ दिवसांपूर्वी तू बघितलीस ना? का हा बघत होता?” त्याने विन्टनकडे हनुवटी उडवली. “माझी बोट आता कवळीवाला तपासणार?”

तो माझाच भाऊ. हे सगळं बोलणं तो माझ्याकडूनच शिकलाय. आणि मला कळत होतं की फोटो दाखवून तो थांबणार नाही, रडून थांबणार नाही, थांबेल तो फक्त एका वाक्याने. ते वाक्य मला तिथे, त्या सगळ्यांसमोर म्हणायचं नव्हतं. तिथे उभ्या प्रत्येकाची बोट माझ्या हाताखालून गेली होती. प्रत्येक जण माझ्या शब्दावर निघाला होता.

“मी ती ओल पाहिली होती,” मी म्हटलं. “रंगवताना. नाळेकडे ओल होती, गंज होता. मी फडक्याने पुसली आणि वर रंग मारला.”

हसणं एकदम थांबलं नाही. मागच्यांना ऐकू यायला थोडा वेळ लागला. मग थांबलं.

डेन्झिलने तोंडातलं बिस्किट गिळलं. “ठोकून बघितलं होतंस?”

“भिंतीकडची बाजू नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. जागा अरुंद आहे. वेळ नव्हता. ठोकली नाही.”

त्याने इंजिन बंद केलं. त्या शांततेत आत पंप चालू असल्याचं सगळ्यांनी ऐकलं. डेन्झिलने कमरेचा सुरा काढला, पुढचं झाकण उघडलं आणि खाली उतरला. खाली फळकुटं काढून फेकल्याचा आवाज आला. मग काही नाही. धक्क्यावर कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. विन्टन तेवढा पाहत होता, आणि मला त्याचा राग आला, कारण त्याच्या नजरेत कीव होती.

डेन्झिल वर आला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. हातात सुरा नव्हता.

“मुठीपर्यंत आत गेला,” तो म्हणाला. “तिथेच ठेवलाय. काढला तर धार लागेल.”

मग त्याने हात पुढे केला आणि माझ्याकडून फोटो घेतला. बराच वेळ पाहिला. उभा, मग आडवा. शेवटी विन्टनला विचारलं, “कुठली बाजू वर?”

विन्टनने बोटाने दाखवली.

त्या दिवशी बाकीच्या बोटी गेल्या, पण ओहोटीला नाही. प्रत्येक मालक आधी आपापल्या बोटीच्या पोटात उतरला आणि सुऱ्याची मूठ फळ्यांवर आपटत फिरला. मी धक्क्यावर उभी राहून ते ठकठक ऐकत होते. बाकी कुठेच काही निघालं नाही. तेवढ्याने काय होतं? डिसेंबर संपायच्या आत दोघांनी पुढच्या वर्षासाठी वरच्या बंदरातल्या गोदीत नंबर लावले. उरलेले अजून येतात, पण स्वतःची हातोडी घेऊन येतात आणि माझ्यामागून फिरतात. मी एक फळी ठोकली की ते तीच फळी परत ठोकतात. मी काही म्हणत नाही. म्हणायला तोंड कुठे आहे?

कप मिळाला कॅरव्हॅनच्या काचेवरच्या दहिवराला. मार्गोने तो दुसऱ्या दिवशी गोदीत आणून माझ्याकडून देववला आणि फोटो काढला. विन्टनचं नाव प्रदर्शनाच्या यादीत शेवटी, ‘बाद’ असं लिहिलेलं. मोतीबिंदूवाली बाई एका जागेने वर सरकली.

आयव्ही जीन परत वर घेतली. सांध्यालगतची फळी मी कापून काढली, साडेपाच फूट. भिंतीकडचे पत्रेही काढले, तिथे आता दोन माणसं उभी राहतात. डेन्झिल रोज येऊन बसायचा आणि कामापुरतं बोलायचा. एकदा म्हणाला, “मी त्या दिवशी डोंगराचं टोक ओलांडून गेलो असतो म्हणजे,” आणि वाक्य अर्धं सोडलं. मी खरवडत राहिले.

गुरुवारी क्लबवाले आले. पूर्वीसारखे चढाओढीने पांगले नाहीत, माझ्यापासून लांब, डबक्यांपाशी घुटमळत राहिले. फक्त विन्टन माझ्याकडे आला. ती काढलेली फळी शेडच्या दाराला टेकून उभी होती. आतल्या बाजूने काळी, मऊ, खिळ्यांच्या भोकांभोवती तांबड्या-पिवळ्या कड्या, मध्ये हिरव्याचा एक ओघळ. खोटं बोलणार नाही: सुंदर होती.

“काढू का?” त्याने विचारलं.

“काढ.”

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेतला. “मिसेस पर्डन, ह्या कड्या अशा का होतात?”

मी हातातली खरवडणी खाली ठेवली. गंजलेल्या खिळ्यांतून झिरपणारं खारं पाणी लाकडाला कसं आतून खातं, वरून फळी कशी धडधाकट दिसते, कुजक्या फळीचा आवाज कसा येतो आणि चांगलीचा कसा, सगळं सांगितलं. हातोडी त्याच्या हातात दिली, ठोकायला लावलं. डेन्झिल बसल्या जागेवरून ऐकत होता. अर्धा तास गेला. कवळीवाल्याला पहिल्या चार ठोक्यांत फरक कळला. त्याचे कान बरे आहेत.

मग तो परत फळीसमोर उभा राहिला. कॅमेरा लावला, डोकं इकडून तिकडे वाकवलं, गुडघ्यावर बसला, उठला. शेवटी त्याने कॅमेरा पिशवीत टाकला.

“आता नाही जमत,” तो म्हणाला. “आता मला नुसती फळी दिसते.”

“त्या गुरुवारी माझंही तेच झालं होतं,” मी म्हटलं.